दुसऱ्यांदा विचारण्याची रीत

ऑल्डरमियरच्या कॅथीड्रलात बिशपची गादी म्हणजे काळ्या पडलेल्या ओकची एक उंच खुर्ची. वर कोरीव लाकडाचं छत्र, खाली तीन पायऱ्या. डीन मायल्स ऑर्टनची जागा तिच्यापासून पंधरा पावलांवर, जराशी तिरकी. एकोणीस वर्षं सकाळ-संध्याकाळ तो तिथे उभा राहून स्तोत्रं म्हणत आला होता, आणि एकोणीस वर्षं स्तोत्राच्या ओळीवरून त्याची नजर उठली की पाखरू वळचणीला जावं तशी त्या खुर्चीवर जाऊन बसत होती.

खुर्चीत म्हातारे बिशप होते तोवर नजरेला थोडी लाज होती. मेंढ्या कातरायच्या दिवसांत म्हातारे गेले, खुर्चीवर काळं कापड पडलं, आणि नजरेला धरबंध उरला नाही. नदीकाठी लोकर धुणाऱ्या बाया हाताच्या ठेक्यावर काहीबाही रचून गात. त्यांनी रिकाम्या गादीचंही गाणं केलं होतं:

काळ्या ओकाची गं खुर्ची, बसली उपवर,
वऱ्हाड दारात उभं, कुठं अडला गं वर?

मायल्स पुलावरून जाऊ लागला की बाया गाणं थांबवत, खाली माना घालून लोकर पिळत, आणि तो पुढे गेला की मागून हसू फुटे. म्हणजे वर कोण हे गावाने ठरवून टाकलं होतं. हे त्याला आवडे आणि बोचेही. आवडणं जास्त होतं.

गावाचं तरी काय चुकलं? म्हाताऱ्या बिशपांची शेवटची सहा वर्षं सगळा गाडा मायल्सनेच ओढला होता. गळक्या छपरावर शिशाचे पत्रे त्याने चढवले. भांडणारे पाद्री त्याने समोरासमोर बसवून एका ताटात जेवायला लावले. ग्रीक आणि हिब्रू त्याच्या जिभेवर अशी नांदत की सासुरवाशिणी माहेरी आल्यात असं वाटावं. त्याचा उपदेश ऐकायला दोन दिवसांच्या वाटेवरून माणसं येत. डीन म्हणून कॅथीड्रलचा कारभार त्याच्या हाती होताच. उरल्या होत्या त्या फक्त तीन पायऱ्या.

एक गोष्ट मात्र गावाला माहीत नव्हती. ती मायल्सला माहीत होती आणि त्याच्या बायकोला, थॉमसिनला.

बारा वर्षांपूर्वी दरबारातून लॉर्ड सेल्विनचं पत्र आलं होतं. पश्चिमेच्या डोंगरात लानफेर नावाची एक गादी रिकामी झालीय, राजेसाहेबांच्या मनात तुमचं नाव आहे, तुमचा विचार कळवावा. लानफेर म्हणजे धुकं, दगड आणि मेंढ्या. पण गादी ती गादी, आणि पहिली पायरी चढल्याशिवाय कुणी दुसरी चढत नाही. पत्र वाचून मायल्सने थॉमसिनला कमरेला धरून स्वयंपाकघरात गोल फिरवलं होतं. मग तो मेजाशी बसला आणि नकार लिहू लागला.

कारण तशी रीतच होती. बिशप होशील का, असं विचारलं की भल्या माणसाने नको म्हणावं. म्हणावं की माझे खांदे दुबळे आहेत, अमुक एक माझ्याहून लायक आहे. मग दुसऱ्यांदा विचारणा होते, आणि मग मान लववून, सुस्कारा टाकून, ओझं घ्यावं. जुन्या काळच्या संतांना म्हणे रडत-ओरडत ओढून गादीवर बसवावं लागे. मागून आलेल्यांनी रडणं सोडलं, नको म्हणणं तेवढं ठेवलं. पंक्तीतला पाहुणा पहिल्या आग्रहाला पानावर हात आडवा धरतो. म्हणून काही वाढणारी बाई पुढे जात नाही.

मायल्सने तीन खर्डे केले. खांद्यांचं दुबळेपण फार सुंदर उतरलं. प्रश्न उरला तो माझ्याहून लायक कोण याचा. खरोखर लायक माणसाचं नाव लिहिणं धोक्याचं. असं नाव हवं होतं, की वाचणाऱ्याला मायल्सचा विनय दिसावा आणि नाव विसरून जावं. त्याला बार्नबी स्किपविथ आठवला.

केंब्रिजला असताना दोघं एका खोलीत, एका खाटेवर झोपत. दोघांत धड असा एकच झगा. ज्याला गुरुजींसमोर उभं राहायचं असेल त्याने तो घालायचा. बार्नबी जाडा, हसरा, वाम माशाच्या पेस्ट्रीसाठी तीन मैल चालत जाणारा. त्याच्या ग्रीकमध्ये इतकी भोकं की त्यातून दाणे चाळावेत. उपदेश करायचा तो बाजारात गोष्ट सांगितल्यासारखा. मायल्सचं त्याच्यावर प्रेम होतं. स्वतःहून दोन बोटं खाली असलेल्या माणसावर प्रेम करणं किती सोपं असतं, हे मायल्सला तेव्हा कळायचं कारण नव्हतं.

त्याने लिहिलं: 'माझ्याहून कितीतरी लायक असा बार्नबी स्किपविथ आहे.' लाख लावली, पत्र धाडलं, आणि दुसऱ्या विचारणेची वाट पाहत बसला.

दुसरी विचारणा आली नाही. आलं ते आभाराचं पत्र. तुमचा सल्ला राजेसाहेबांना पसंत पडला. स्किपविथना विचारलं, त्यांनी त्याच दिवशी हो कळवलं.

बार्नबीने त्याच दिवशी हो म्हटलं. वाढलेल्या पानाला नको म्हणणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

त्या दिवसापासून मायल्सच्या छातीत एक वेल रुजली. दगडी भिंतीवर चढते तशी, हिरवीगार, दिसायला देखणी, आणि आतून चुना पोखरणारी. बार्नबीचे उपदेश छापून आले की तो ते मागवून घेई आणि समासात ग्रीकच्या चुका टिपून ठेवी. बार्नबीने लानफेरच्या डोंगरात मेंढपाळांच्या झोपड्यांतून फिरून लग्नं लावली, अशी वार्ता आली की म्हणे, तिथे दुसरं आहेच काय करायला. पाच वर्षांनी बार्नबी हेक्सलीला गेला, मोठ्या गादीवर. दर वर्षी मायकेलमसच्या सणाच्या सुमारास त्याच्याकडून सायडरचं, सफरचंदाच्या दारूचं, एक पिंप येई. वर हसरी चिठ्ठी. मायल्स ते पिंप घरात न ठेवता घंटा वाजवणाऱ्यांना देऊन टाकी. त्याला वाटे, पिंपाच्या आडून बार्नबी म्हणतोय, बघ, माझं कसं चाललंय.

तरी त्याने मनाशी एक गाठ मारून ठेवली होती. लानफेर गेलं, हेक्सली गेलं, जाऊ दे. ऑल्डरमियर माझं आहे.

आणि आता ऑल्डरमियर रिकामं होतं.

राजाची पत्रं एका गुरुवारी आली. अशा वेळी नेहमी दोन येतात. पहिल्यात परवानगी असते, की आपला बिशप आपण निवडा. दुसऱ्यात नाव असतं, की हाच निवडा. बारा दिवसांत तो निवडला नाही तर कॅथीड्रलच्या पाद्र्यांच्या सगळ्या मंडळाने घरदार सोडून तुरुंगात जायचं. मायल्सने त्या दिवशी कडक इस्त्रीची नवी झालर गळ्याला लावली होती. सभागृहात दगडी बाकांवर कॅथीड्रलचे आठ पाद्री बसले होते. त्यांच्यासमोर त्याने पहिलं पत्र वाचलं, दुसऱ्याची मोहर फोडली, आणि नाव वाचलं.

त्याच्या तोंडून आवाज फुटला तो त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

त्यांतले सगळ्यांत म्हातारे कॅनन पेवरल कानाने ठार बहिरे होते. हात कानामागे धरून त्यांनी मोठ्याने विचारलं, "कोण म्हणालात? आपले डीनसाहेबच ना?"

कुणी वर पाहिलं नाही.

"बार्नबी स्किपविथ," मायल्स म्हणाला.

"काय?"

"बार्नबी स्किपविथ. हेक्सलीचे."

"असं होय," कॅनन पेवरल म्हणाले. "बरा आहे म्हणतात. हसतमुख आहे." मग शेजारच्याला, हळू बोलतोय अशा समजुतीने, अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "मग आपल्याच्यात काय खोट होती?"

पाचव्या दिवशी घंटा झाली, प्रार्थना झाली, आणि आठही मतं एका नावावर पडली. नववं मायल्सचं. मग डीनच्या कर्तव्याप्रमाणे त्याने दारात उभं राहून लोकांना जाहीर केलं की ऑल्डरमियरने राजीखुशीने आपला बिशप निवडला आहे. लोकर धुणाऱ्या बाया पदराआड तोंड लपवून उभ्या होत्या. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी थॉमसिन चेरीच्या बिया काढत बसली होती. बोटं लालभडक. तिने वाडगं त्याच्याकडे सरकवलं. त्याने दोन चेरी खाल्ल्या आणि म्हणाला की त्याला आता या गावात तोंड दाखवायला जागा नाही. थॉमसिन म्हणाली की तोंड आहे तिथेच आहे, गावही तिथेच आहे, दोघांची सवय दोघांना होईल.

मंडळाने निवडलेल्या माणसाला कळवायचं आणि त्याची संमती घ्यायची, एवढं उरलं होतं. पत्र हेक्सलीला गेलं. आठवड्याने उत्तर आलं. मंडळाच्या नावे नाही, मायल्सच्या. लॅटिनमध्ये नाही, घरच्या भाषेत, आणि अक्षर असं की कोंबडी शाईत पाय बुडवून चाललीय.

'मायल्स, मित्रा,' बार्नबीने लिहिलं होतं, 'तुमचं पत्र पोचलं. मी येत नाही. उर्सुला गेल्यापासून मोठं घर खायला उठतं. पायांना सूज असते, बागेतल्या बाकापर्यंत जातो आणि तिथेच बसतो. ऑल्डरमियरला बिशप हवा असेल तर तो तुमच्यातच बसलाय आणि हे पत्र वाचतोय. माझ्याहून कितीतरी लायक, आणि हे मी काही आजच म्हणत नाही. माझा नकार असाच्या असा सेल्विनकडे धाड. थॉमसिनला माझा नमस्कार.'

मायल्सने पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. माझ्याहून कितीतरी लायक. हे शब्द बार्नबीचे नव्हते. हे त्याचे स्वतःचे शब्द होते, बारा वर्षांपूर्वीचे, तीन खर्ड्यांतून निवडलेले. म्हणजे ते पत्र बार्नबीला कुणीतरी दाखवलं होतं. म्हणजे बार्नबीला ठाऊक होतं की मायल्स कसा फसला. आणि आज, सगळं पदरात पडल्यावर, तो तेच शब्द त्याच्या तोंडावर परत फेकत होता. वर विनयाचा थाट. आयुष्यात कधी पानावर हात आडवा न धरणारा माणूस आज रीत पाळायला निघाला होता. पोट भरलेल्यालाच परवडते ती रीत.

त्याने पत्र थॉमसिनसमोर टाकलं. तिने हात पुसून ते उचललं आणि खिडकीशी नेऊन वाचलं.

"धाडून द्या," ती म्हणाली.

"कुठे?"

"त्याने सांगितलंय तिथे. लॉर्डसाहेबांकडे. आजच्या आज, घोडेस्वार करून."

मायल्स कडवट हसला. हा नकार म्हणजे नुसता रिवाज आहे, तो म्हणाला. बार्नबी वाट बघतोय आपण दुसऱ्यांदा विचारायची. नकार तसाच पुढे धाडला तर सारा दरबार म्हणेल, ऑल्डरमियरच्या डीनने पहिल्याच नकारावर झडप घातली.

"म्हणू देत की. तुम्ही गादीवर बसून ऐका."

"थॉमसिन."

"अहो, हा माणूस उर्सुलाबद्दल, मेलेल्या बायकोबद्दल लिहितोय. पायांच्या सुजेबद्दल लिहितोय. रिवाजाच्या पत्रात पाय सुजतात का कुणाचे? तुमच्या पत्रात खांदे होते. ते सुजले नव्हते."

"त्याने माझेच शब्द उचललेत. टोमणा आहे तो, तुला कळत नाही."

"त्याला टोमणा मारता येत असता तर केंब्रिजात तुमच्याबरोबर एका खाटेवर झोपला नसता."

मायल्स म्हणाला की दुसऱ्यांदा विचारणं ही रीत आहे, आणि ती मोडायचा अधिकार त्याला नाही.

थॉमसिनने पत्राची घडी घातली. "तुम्हाला कुणी विचारलं होतं दुसऱ्यांदा?" तिने हळूच विचारलं.

हे तिने बोलायला नको होतं. ती प्रेमाने बोलली, पण बारा वर्षं जपलेल्या गळवावर बोट पडलं. मायल्स वळून आपल्या खोलीत गेला, दार लावलं, आणि लेखणी उचलली. आता त्याला गादी नको होती. म्हणजे हवी होती, पण त्याहून जास्त काहीतरी दुसरं हवं होतं. बार्नबीच्या हातची, शाईत लिहिलेली, हो म्हणणारी एक ओळ. विनयाचा तो पांढरा झगा उतरवून ठेवून आतला भुकेला जाड्या उघडा पडलेला त्याला पाहायचा होता. एकदा ते दिसलं की मग तो त्याला गादीवर बसवायला तयार होता. मग बसवणं सोपं जाणार होतं.

त्याने फार सुरेख लॅटिन लिहिलं. मंडळ हा नकार मान्य करू शकत नाही, असं लिहिलं. आणि शेवटी, मधमाशीच्या पोटी नांगी असते तसं: 'ज्यांनी दोन गाद्या एकेका दिवसात स्वीकारल्या, त्यांना तिसरीपुढे संकोच वाटावा याचं आम्हांला नवल वाटतं. ओझं गोड होतं तोवर खांदा दिला, आणि ते जड झाल्यावर काढून घेतला, तर त्या खांद्याने इतकी वर्षं सेवा केली की चैन, हा प्रश्न देव विचारील.'

मंडळाने सह्या केल्या. कॅनन पेवरल म्हणाले, लॅटिन झकास आहे, पण हे त्याला लागेल.

लागलं. उत्तर दोन ओळींचं आलं. 'मायल्स, तू बरोबर बोललास. येतो.'

तो कागद त्याने जवळजवळ पळतच स्वयंपाकघरात नेला. बघ, म्हणाला. मी काय सांगत होतो? दुसऱ्यांदा विचारल्याबरोबर आला की नाही धावत? थॉमसिनने वाचलं. ती आनंदलीही नाही, भांडलीही नाही. कागद उलटा करून मागे काही आहे का पाहिलं.

"दोनच ओळी?" ती म्हणाली. "बार्नबीने?"

मायल्सने ते मनावर घेतलं नाही. पुढचे तीन महिने तो कधी नव्हे इतका खुशीत होता. सगळ्या तयारीत त्याने जातीने लक्ष घातलं. ओकच्या खुर्चीला जवसाचं तेल लावून घेतलं, पायऱ्यांचं सैल झालेलं फळकूट बसवून घेतलं. मनात तो ते दृश्य रंगवत असे. गोल पोटाचा, घाम पुसत, खिदळत येणारा बार्नबी. आपण गंभीर, ताठ, न्यायाने ज्यांनी तिथे बसायला हवं होतं ते. सगळं गाव ते पाहणार होतं. हेवा असा असतो, की हरलेल्या घरातही तो आपल्यासाठी एक उंच पाट मांडून ठेवतो.

सफरचंदं उतरायच्या दिवसांत बार्नबी आला. गाडीतून त्याला दोघांनी धरून उतरवलं.

मायल्सने त्याला ओळखलं नाही. चेहरा सुकून मुठीएवढा झालेला, मानेची कातडी लोंबती, आणि झग्याखाली पाय मात्र खांबांसारखे सुजलेले. दोन पावलं टाकली की तो उभा राहून श्वास गोळा करी, सांडलेले दाणे वेचावेत तसा. फक्त डोळे तेच होते.

वेदीमागच्या खोलीत झगे चढवायला दोघं एकटेच राहिले. बाहेर माणसांची गजबज, मुलांच्या गायनाचा सराव, दारातल्या ओल्या गवताचा वास. बार्नबीला बाकावर बसवून मायल्सने दार लोटलं.

"जाड झालास रे," बार्नबी म्हणाला. "छान दिसतोस. तुझ्या वाट्याचं बारीक होणं मी घेतलंय."

मायल्सला हसू आलं नाही. तो म्हणाला की प्रवासाचा त्रास झाला असेल.

"त्रास तर झालाच. मला वाटलं होतं या खेपेला तू मला सोडशील." बार्नबीच्या आवाजात तक्रार नव्हती. "सेल्विनशी मी आधीच बोलून ठेवलं होतं. म्हटलं, माझं नाव निघालंय खरं, पण मी नाही म्हणणार, आणि तुम्ही ऑर्टनला द्या. तो म्हणाला, मंडळाकडून तुझा नकार येऊ दे, दुसऱ्या दिवशी ऑर्टनचं नाव राजेसाहेबांपुढे ठेवतो. तुमचा कागद तेवढा यायचा होता."

मायल्सच्या हातात पांढरा झगा होता. तो त्याने तसाच धरून ठेवला.

"कागद आलाच नाही," बार्नबी म्हणाला. "आलं ते मला, तुझं पत्र. मी तीन दिवस जेवलो नाही, मायल्स. मी. आता तूच समज. पहिल्या दिवशी राग आला. दुसऱ्या दिवशी वाटलं, हे दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर फाडून टाकलं असतं. पण हे कोण लिहितंय? ज्याने लानफेरच्या वेळी स्वतःच्या तोंडचा घास काढून माझ्या पानात घातला तो."

"ते..." मायल्स म्हणाला.

"सेल्विनने मला पत्र दाखवलं होतं तुझं. तेव्हाच. मी रडलो होतो रे. एका झग्यात दोघं वाढलेलो आपण. वाटलं, हा अजून मलाच झगा देतोय आणि स्वतः गारठत बसलाय. अख्ख्या इंग्लंडात असं कुणी कुणासाठी केलेलं मी ऐकलं नाही. म्हणून म्हटलं, ज्याने गादी समोर येऊन सोडली, तोच माणूस मला सांगतोय, की आता जड झालं म्हणून खांदा काढू नकोस. त्याला ते बोलायचा हक्क आहे. दुसऱ्या कुणाला नसता." त्याने श्वास घेतला. "सेल्विन तर आता हसतो. म्हणतो, ऑर्टन म्हणजे राज्यातला एकच पाद्री ज्याला गादी खरोखर नकोय. आम्ही दोनदा देऊ केली, त्याने दोनदा दुसऱ्याला दिली. यापुढे त्याला विचारून छळायचं नाही, असं ठरलंय म्हणे दरबारात. असा एक तरी डीन असू द्यावा."

बाहेर घंटा सुरू झाली. मायल्सने झगा बार्नबीच्या डोक्यावरून घातला, बाह्या सारख्या केल्या. मग सारख्या झालेल्या बाह्या तो पुन्हा सारख्या करत राहिला. बार्नबीला वाटलं ती माया आहे. त्याने मायल्सचा हात थोपटला.

मग दारं उघडली.

रीतीप्रमाणे डीनने नव्या बिशपचा उजवा हात धरून त्याला गादीपर्यंत न्यायचं असतं. दोन्ही बाजूंना गाव उभं होतं. मायल्स चालत होता आणि त्याच्या जिभेवर तीन शब्द होते. ते खोटं होतं. एवढंच म्हणायचं. ते पत्र रिवाज होता, बार्नबी. तुझं नाव मी लिहिलं ते तू कुणाच्या खिजगणतीत नव्हतास म्हणून. दुसरंही पत्र हक्काने लिहिलं नव्हतं, जळून लिहिलं होतं. बार्नबीकडे गादी होती, ती काढून घेता येत नव्हती. पण बारा वर्षं त्याने उराशी धरलेला एक मित्र होता, तो काढून घेता येत होता. या क्षणी, कुजबुजत, पंधरा पावलांत.

पहिली पायरी आली. बार्नबीने पाय उचलला आणि तो वर पोचलाच नाही. मायल्सने त्याच्या काखेत हात घातला. सगळा भार त्याच्या खांद्यावर आला. झग्याखालून म्हाताऱ्या अंगाचा उबदार, आंबूस वास आला, एका खाटेवर झोपणाऱ्या माणसाचा.

"सांभाळ," बार्नबी पुटपुटला. "आपण दोघं पडलो तर पेवरलला ऐकू येईल."

दुसरी पायरी. मायल्सने तोंड उघडलं. बार्नबीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, काय म्हणतोस अशा नजरेने, आणि त्या नजरेत मायल्सला तो माणूस दिसला. स्वतःचा झगा दुसऱ्याला देऊन गारठणारा. बार्नबीचा मायल्स. किती सरळ, किती मोकळा, किती निर्धास्त उभा होता तो तिथे. त्याला कशाचीही वाट पाहायची नव्हती. त्याची नजर कुठल्याच खुर्चीवर जाऊन बसत नव्हती. लोकांचं प्रेम, दरबारातलं नाव, या मरणाच्या वाटेवरच्या माणसाची बारा वर्षांची माया, सगळं त्यालाच मिळालं होतं, आणि त्यासाठी त्याने बोटही हलवलं नव्हतं.

मायल्सने तोंड मिटलं. दयेने नव्हे. त्या माणसाला मारून टाकायची त्याची छाती झाली नाही.

तिसरी पायरी. त्याने बार्नबीला ओकच्या खुर्चीत बसवलं, झग्याची घडी गुडघ्यांवर नीट केली, आणि ठरलेले शब्द मोठ्याने म्हटले. आवाज स्वच्छ लागला. गावाने आमेन म्हटलं. मग नव्या बिशपचा पहिला आशीर्वाद डीनने घ्यायचा असतो म्हणून तो पायऱ्यांवर गुडघे टेकून बसला. बार्नबीचा सुजलेला, जड हात त्याच्या डोक्यावर आला आणि रीतीपेक्षा पुष्कळ जास्त वेळ तिथे राहिला. त्या हाताखाली मान वाकवून मायल्स बसून होता, आणि तो हात ज्याच्या डोक्यावर ठेवला होता त्या माणसाचा त्याला इतका हेवा वाटत होता, की लानफेरचा, हेक्सलीचा, ऑल्डरमियरचा, आजवरचा कुठलाच हेवा त्याच्यापुढे काही नव्हता.